चोरीचा मनी प्लांट

कर्वेनगर, पुणे
८ जानेवारी २००१

तीर्थरूप दादास,
इंदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की ते सगळ्या जिन्याला ऐकू येतं, म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय ते ऐट म्हणून नाही. मोतीबिंदू आता पिकलाय म्हणतात. डॉक्टरांनी मार्चमधली तारीख दिली आहे. तोवर सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसतंय.

तुला लिहायचं कारण म्हणजे अभिनवचं झाड. तो इथल्या कंपनीत शिकाऊ होता तेव्हा त्याने मनी प्लांटची एक फांदी आणली होती, आठवतं? मीच त्याला सांगितलं होतं की मनी प्लांट विकत आणून किंवा मागून आणून लागत नाही, चोरूनच आणावा लागतो. त्या शहाण्याने कंपनीच्या स्वागतकक्षातल्या कुंडीतून फांदी तोडली आणि जेवणाच्या डब्यात घालून घरी आणली. स्वयंपाकघराच्या खिडकीत लावली, ती गजावरून चढत वर गेली, आणि शेंडा वरच्या गजाला लागला त्याच महिन्यात त्याचं अमेरिकेचं ठरलं. तेव्हापासून आमच्या जिन्यात त्या वेलीला फार मान आहे. समोरच्या मालनबाई तर येता-जाता तिला हात लावून तो कपाळाला लावायच्या. त्यांची मुलगी अपेक्षा कॉम्प्युटरचा कोर्स करते आहे.

तर दादा, दिवाळीपासून त्या वेलीची पानं गळायला लागली आहेत. रोज सकाळी हात फिरवून पाहते तर वेल कालच्यापेक्षा आखूड लागते. पाणी घालते, चहाचा चोथा घालते, काही उपयोग नाही. अभिनव जाताना म्हणाला होता, "आई, बाकी काही सांभाळलं नाहीस तरी चालेल, हिला सांभाळ." थट्टेत म्हणाला होता. पण पेपरात रोज तिकडच्या कंपन्यांबद्दल काही-बाही येतं. मालनबाई वाचून दाखवतात, आणि वाचून झालं की हळूच खिडकीकडे बघतात. माझ्या पोटात गोळा येतो.

तू शेतकी खात्यात जन्म काढलास. काय करू सांग.

तुझी,
इंदू

०

परभणी
१७ जानेवारी २००१

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर एवढं मोठं आहे की पोस्टमनने पाकिटाबाहेरूनच वाचलं असावं.

पहिली गोष्ट, मी तीस वर्षं कापसावर काढली. मनी प्लांट हे पीक नव्हे. ज्याला फूल नाही, फळ नाही, बाजारभाव नाही, ते नुसतं पैशाचं नाव लावून खिडकीत बसतं आणि तुम्ही पुणेकर त्याच्या पाया पडता. तरी पण वनस्पती ती वनस्पती. लक्षणांवरून ही मर आहे, म्हणजे मुळं कुजण्याचा रोग. मुळाशी पाणी साचलं की झाड वरून वाळतं. तू दिवसातून दोनदा पाणी घालत असणार, कारण तुला माणसांनाही दोनदा वाढायची सवय आहे. पाणी आठवड्यातून एकदा. चहाचा चोथा बंद, झाडाला चहाचं व्यसन लावू नये.

दुसरी गोष्ट, स्वयंपाकघरात फोडणीचा धूर असतो. कुंडी बाहेर काढ. दाराबाहेर जिन्यात उजेड येतो असं मला आठवतं. तिथे स्टुलावर ठेव, वारं-उजेड मिळाला की महिन्याभरात पालवी फुटेल.

तिसरी गोष्ट, झाडाला तुझ्या मुलाचा पगार माहीत नसतो. तेव्हा पोटातला गोळा काढून टाक. अभिनव तुझा मुलगा आहे, त्या वेलीचा नव्हे.

डोळ्यांची काळजी घे.

तुझा,
दादा

०

कर्वेनगर
४ फेब्रुवारी २००१

तीर्थरूप दादास नमस्कार.

तू सांगितल्याप्रमाणे कुंडी दाराबाहेर स्टुलावर ठेवली, पाणीही तोडलं. वेल दुप्पट वेगाने आखडायला लागली. हे तुझं शास्त्र मला कळत नाही.

सगळे जण मात्र फार चौकशी करतात. जिन्यातून जाताना प्रत्येक जण स्टुलापाशी थांबतो. मला आतून चपला थांबलेल्या ऐकू येतात. वरच्या मजल्यावरचे बापूराव आमच्या सोसायटीचे सचिव आहेत, तेही थांबतात. त्यांना मी म्हटलं की पोरांचा चेंडू लागून पानं पडत असतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाटी लावली. "जिन्यात चेंडू खेळू नये. झाडाला बाजूला होता येत नाही. — सचिव." तळमजल्यावरच्या अमिनाबी म्हणाल्या की दृष्ट लागली असेल, मिरच्या ओवाळा. त्यांच्या मिस्टरांचं, मैनुद्दीनभाईंचं, शनिवार पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान आहे. ते म्हणाले की कुंडीच्या मातीत पुठ्ठे चिकटवायचा सरस मिसळला असेल. त्यांना सगळीकडे सरसच दिसतो. एवढी माणसं एका वेलीसाठी जीव टाकतात आणि तरी ती वाळते.

दुसरं म्हणजे, अभिनवचं काही कळेनासं झालंय. पूर्वी तो रविवारी सकाळी फोन करायचा आणि "आई, ठेवतो, काम आहे" म्हणून पाच मिनिटांत ठेवायचा. आता आठवड्याच्या मधेच करतो आणि ठेवायचं नाव घेत नाही. मलाच सांगावं लागतं की बाबा, बिल येईल. परवा बटाट्याच्या भाजीत मोहरी आधी की जिरं आधी असं विचारत होता. मग म्हणाला, "झाड कसं आहे?" मी म्हटलं, छान आहे. याचा अर्थ काय घ्यायचा? माणूस सुखात असला की भाज्या विचारतो की दुःखात असला की?

ऑपरेशन बारा मार्चला आहे. तू येऊ नकोस, तुझ्या गुडघ्यांना एसटी झेपायची नाही. इथे माणसं पुष्कळ आहेत.

इंदू

०

परभणी
१४ फेब्रुवारी २००१

चि. इंदूस आशीर्वाद.

फोन वाढले याचा अर्थ पगार वाढला. माणूस खर्च करतो तेव्हा त्याच्यापाशी असतं म्हणून करतो. भाजी विचारतो, कारण तिथलं पावाचं जेवण त्याला कंटाळवाणं झालं असणार. यात कोडं कसलं आलं? तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डोक्यात जाऊ देऊ नकोस.

झाडाबद्दल फेरविचार केला. मर नसावी. तुडतुडे असतील किंवा मावा. तुला दिसत नाहीत म्हणजे ते नाहीत असं नव्हे, तुला तर बापूरावही नीट दिसत नसतील. तंबाखू रात्रभर भिजवून ते पाणी पानांवर शिंपड. कापसावर शंभर टक्के गुण येतो.

आणि अमिनाबींच्या मिरच्या ओवाळल्यास तरी माझी हरकत नाही, फक्त त्या नंतर भाजीत घाल. फुकट घालवू नकोस.

दादा

०

सॅन होजे
२० फेब्रुवारी २००१

ती. मामा,
सा. न.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला ओरडून सांगायची नाही, म्हणून कित्येक वर्षांनी मराठीत हाताने पत्र लिहितोय. चुका पोटात घाला.

माझी नोकरी गेली. जानेवारीतच गेली. शुक्रवारी दुपारी आम्हा वीस-बावीस जणांना एका खोलीत बोलावलं, एकेक पुठ्ठ्याचं खोकं दिलं आणि सामान भरायला सांगितलं. माझ्या सामानात एक कप आणि आईने दिलेला गणपती होता. तेव्हापासून रोज अर्ज करतोय. इथे सगळेच अर्ज करतायत. व्हिसाच्या नियमाप्रमाणे नोकरीशिवाय फार दिवस राहता येणार नाही. एप्रिलपर्यंत काही जमलं नाही तर परत येईन.

आईला सांगू नका. तिचं ऑपरेशन आहे, तिने रडून चालणार नाही. आणि खरं सांगू का, मला लाजही वाटते. जाताना सगळी सोसायटी खाली उतरली होती. बापूरावकाकांनी फुलांचा हार घातला, मालनकाकूंनी ओवाळलं. आता त्याच जिन्याने बॅगा घेऊन वर कसा चढू ते मला कळत नाही.

ती म्हणते झाड छान आहे. निदान ते तरी.

तुमचा,
अभिनव

०

परभणी
६ मार्च २००१

चि. इंदूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं ऑपरेशन जवळ आलं. देवाचं नाव घेऊन जा, सगळं ठीक होईल.

झाडाकडे लक्ष दे. तंबाखूचं पाणी जास्त झालं असेल तर साध्या पाण्याने पानं धुऊन काढ. माती बदलून बघ. माझ्या मते त्या झाडाला जपावं. मी मागे काही बोललो असेन, ते मनावर घेऊ नकोस. जुन्या माणसांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नसतं. तू सांभाळलंस तर ते जगेल. कसंही करून जगव.

शनिवारी मारुतीला जाऊन आलो, तेल घातलं. तुझ्या डोळ्यांसाठी.

अभिनवचा फोन आला तर त्याला फार प्रश्न विचारू नकोस. त्याला बोलू दे. बिलाची फिकीर करू नकोस, पैसे मी पाठवीन.

तुझा,
दादा

०

कर्वेनगर
२ एप्रिल २००१

तीर्थरूप दादास नमस्कार.

मला दिसायला लागलं. काळा चष्मा लावून का होईना, पण हे पत्र मी ओळींवर लिहिते आहे, बघ. पडद्याचा रंग पोपटी आहे हे मी विसरूनच गेले होते.

ऑपरेशननंतर या लोकांनी माझं जे केलं ते सख्ख्यांनी केलं नसतं. वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, म्हणून डबा आळीपाळीने. सकाळी मालनबाई डोळ्यात औषध घालायच्या, दुपारी अमिनाबी, संध्याकाळी बापूरावांच्या विमलाबाई. माझ्या दाराला दिवसभर कडी नव्हती. मी पडून असायची आणि पायांचा आवाज ऐकायची.

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा कुंडी बघितली. दादा, त्या कुंडीत एक वीतभर बुंधा आणि दोन पानं उरली आहेत. पण मी तुला वेगळंच सांगते आहे. मी जवळ जाऊन देठ पाहिले. ते तिरके, स्वच्छ कापलेले आहेत. गळालेलं पान मला कळतं आणि कात्रीही कळते. आता हे कुणी आणि का कापावं? उंदीर असा तिरका कापत नाही. वैर म्हणावं तर माझं वैर करणारं इथे कोण आहे? मला दिसत नव्हतं तेव्हा सगळं सोपं होतं, आता दिसतंय आणि काहीच कळत नाही.

आणि आता दुसरं. तुझं मागचं पत्र विमलाबाईंनी मला वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, किती प्रेमळ भाऊ आहे. दादा, साठ वर्षांत तू मला "उत्तम आशीर्वाद" कधी दिला नाहीस. मारुतीला तेल तू आई गेली तेव्हासुद्धा घातलं नव्हतंस. तू माझी थट्टा करणं सोडलंस तेव्हाच मी समजले की काहीतरी झालंय, आणि ते माझ्या डोळ्यांचं नाही.

अभिनव फोनवर विचारतो झाड कसं आहे, मी म्हणते छान आहे. मी विचारते तू कसा आहेस, तो म्हणतो छान आहे. एकाच घरातली माणसं आहोत, सारखंच खोटं बोलतो. मला खरं लिही. माझे डोळे आता रडण्याइतके बरे झालेत.

इंदू

०

परभणी
९ एप्रिल २००१

चि. इंदूस आशीर्वाद.

साधेच आशीर्वाद दिलेत, बिचकू नकोस.

त्याची नोकरी जानेवारीत गेली. त्याने मला फेब्रुवारीत कळवलं आणि तुझं ऑपरेशन होईपर्यंत गप्प राहायला सांगितलं. मी गप्प राहिलो, पण मला गप्प राहता येत नाही हे तू पकडलंस. तो महिन्याच्या मध्यावर येतो आहे. तब्येत बरी आहे, मन बरं नाही. त्याला लोकांची लाज वाटते. भाजीत मोहरी आधी, हे त्याला आता समोर बसवून सांग.

झाडाबद्दल एक विचारतो, जे मी जानेवारीतच विचारायला हवं होतं. एवढी पानं गळाली, तर तू त्यातलं एक तरी पान केरात झाडलंस का?

दादा

०

कर्वेनगर
२४ एप्रिल २००१

तीर्थरूप दादास नमस्कार.

नाही झाडलं. एकही नाही. तुझं पत्र वाचलं आणि केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले.

अभिनव आला. पहाटेच्या गाडीने आला, कुणी उठायच्या आत. बॅगा चढवताना एकदाही आवाज केला नाही. माझ्या पाया पडला आणि आधी कुंडी बघितली. मग म्हणाला, "छान आहे म्हणालीस." मी म्हटलं, तूही तेच म्हणालास. दोघं चहा पीत बसलो. त्यानंतर तो घराबाहेर पडलेला नाही. गॅलरीतसुद्धा वाळलेले कपडे काढायला येत नाही. मी सगळ्यांना सांगितलं की सुट्टीवर आलाय. सगळे म्हणाले, वा, वा. पुढे कुणी काही विचारलं नाही, आणि ते विचारत नाहीत याचीच मला जास्त धास्ती वाटते.

आता चोराचं ऐक.

हे गेल्यापासून मी कुणाकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला जात नाही. सहा वर्षांत इथल्या कुणाच्या घरात आतपर्यंत गेले नव्हते. यंदा मालनबाई दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही आणि अमिनाबी, दोघी कुंकवाच्या नाही, पन्ह्याच्या. पण आल्याशिवाय मी गौर हलवणार नाही." ज्यांनी महिनाभर डोळ्यात औषध घातलं त्यांना नाही कसं म्हणणार? गेले.

मालनबाईंकडे टीव्हीवर सरबताची रिकामी बाटली. तिच्यात मनी प्लांट. तिथून वर विमलाबाईंकडे गेले, तर बापूरावांच्या आरामखुर्चीमागे बरणीत मनी प्लांट. खाली अमिनाबींकडे पाय टेकायला बसले, तर त्यांच्या खिडकीत काचेच्या ग्लासात. दादा, आपल्या वेलीच्या पानावर एका बाजूला दूध ओघळल्यासारखा पांढरा पट्टा असतो. सगळ्यांच्या पानांवर तो पट्टा होता. मला आता लांबूनही दिसतं, हेच वाईट झालं.

तुझ्या लक्षात आलं का? त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. प्रत्येकाला आपल्या पोराची अमेरिका हवी होती. मागितली असती तर मी दिली असती, पण मागितलेला लागत नाही. म्हणून प्रत्येकाने एकेक फांदी चोरली, आणि प्रत्येकाला वाटलं की एका फांदीने काय होतंय. तू कुंडी जिन्यात ठेवायला लावलीस तेव्हा त्यांची सोय झाली. माझ्या डोळ्यात औषध घालणारे हात आणि कात्री चालवणारे हात एकच होते, आणि मी कुणाला आधी आठवू ते मला कळत नाही.

घरी येऊन अभिनवला सांगितलं, तर तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा हसला. म्हणाला, "आई, मी तरी कुठे पावती घेऊन आणली होती?" मग म्हणाला, "त्यांना सांग, त्या झाडात काही नाही. मी परत आलोय."

आता मी काय करू? भांडायला जावं तर भांडण कशाचं सांगू? माझ्या मुलाचं नशीब चोरलंत म्हणू, तर ते नशीब कसलं होतं ते त्यांना कळेल. गप्प बसावं तर ती दोन पानं माझ्याकडे बघतात.

इंदू

०

परभणी
१ मे २००१

चि. इंदूस आशीर्वाद.

मी मर म्हटलं, तुडतुडे म्हटलं, मावा म्हटलं. दोन पायांची कीड मला सुचली नाही, कारण ती कापसावर पडत नाही. पुण्यात पडते. पुढच्या वेळी औषध विचारण्याआधी कीड किती पायांची आहे ते सांगत जा.

उपाय सोपा आहे. फांद्या जिवंत आहेत, तुझ्याच आहेत आणि तुझ्यापासून एका जिन्यावर आहेत. चोरावर मोर हो. मागू नकोस, मागून आणलेला लागत नाही, हे तुझंच शास्त्र आहे. कात्री घे आणि जा. तू साठीची आहेस, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कुणी पोलिसात देणार नाही. मात्र वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा वाकायला अभिनवला बरोबर घे.

झाडात काही नाही असं तो म्हणतो. बरोबरच आहे. मी तुला जानेवारीतच सांगितलं होतं. तरी चोरी कर.

दादा

०

कर्वेनगर
२० मे २००१

तीर्थरूप दादास नमस्कार.

केली. कशी ते सविस्तर लिहिते, कारण असं काही मी पुन्हा करेन असं वाटत नाही.

पुण्यात दुपारी एक ते चार कुणी कुणाची कडी वाजवत नाही हे तुला ठाऊक आहे. तीच वेळ धरून मी एका दुपारी एकटीच निघाले. मालनबाईंचं दार लोटलेलं होतं. आत गेले, कात्री काढली, टीव्हीवरच्या बाटलीला हात घातला आणि स्वयंपाकघरातून अपेक्षा बाहेर आली. मी एका हातात कात्री आणि एका हातात फांदी धरून उभी. ती पोरगी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मला वाटलं, जमीन दुभंगावी. ती एवढंच म्हणाली, "काकू, आई झोपलीय," आणि पुन्हा आत गेली. मी फांदी तशीच सोडून घरी पळाले. अभिनवने पाणी आणून दिलं. मी रडले, दादा. म्हटलं, आता जिन्यात तोंड दाखवायला जागा उरली नाही. तो म्हणाला, "मग आपण दोघं सारखेच."

संध्याकाळी बापूरावांनी नवी पाटी लावली. ती मी जशीच्या तशी उतरवते.

"बुधवारी दुपारी एक ते चार सर्व सदनिकांची दारे हवेसाठी उघडी राहतील. सभासद झोपलेले असतील. त्यांना उठवू नये. — सचिव."

मी दोनदा वाचली. मला वाटलं, आमच्यावर टोमणा आहे. बापूरावांचं काही सांगता येत नाही. अभिनवला बोलावून वाचायला लावली. त्यासाठी तो आल्यापासून पहिल्यांदा दाराबाहेर आला. त्याने वाचली. मग म्हणाला, "आई, त्यांना माहीत आहे." मी विचारलं, झाडाचं? तो म्हणाला, "माझं." आणि मग मलाही दिसलं. सुट्टीवर आलेला मुलगा महिनाभर गॅलरीतसुद्धा येत नाही, हे काय लोकांना कळत नाही? मोतीबिंदू एकट्या मला होता.

बुधवारी त्याने माळ्यावरून आपला जुना जेवणाचा डबा काढला, तोच, ज्यात पहिली फांदी आली होती. कात्री त्याच्या हातात, डबा माझ्या. जिन्यात सगळी दारं सताड उघडी. आधी मालनबाईंकडे गेलो. बाटली टीव्हीवरून उचलून दाराजवळच्या स्टुलावर आणून ठेवलेली. मालनबाई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या, पण पायाचा अंगठा हलत होता. वर गेलो तर बापूराव आरामखुर्चीत घोरत होते. इतकं बेताचं कुणी घोरत नाही. आम्ही कात्री लावली की थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. विमलाबाईंनी पदर तोंडावर घेतला होता आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

शेवटी तळमजल्यावर आलो. अमिनाबी दिवाणावर ओढणी डोळ्यांवर घेऊन पडल्या होत्या. अभिनव वाकला आणि कात्री लावणार, तेवढ्यात ओढणीखालून आवाज आला, "गाठीच्या खालून काप रे, बेटा. वरून कापशील तर मूळ नाही धरणार."

मी म्हटलं, "अमिनाबी, तुम्ही झोपा."

त्या म्हणाल्या, "झोपलेच आहे मी."

अभिनवने गाठीखालून कापलं. मग तो उठेचना. तिथेच त्यांच्या खिडकीपाशी उकिडवा बसून राहिला, खांदे हलत होते, आणि मला आधी वाटलं की तोही हसतोय. अमिनाबींनी डोळ्यांवरची ओढणी काढली नाही. नुसता हात पुढे करून त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि तो तसाच राहू दिला. मी डबा घेऊन उभी होते. महिनाभरात तो पहिल्यांदा कुणाच्या घरात शिरला होता आणि तीन घरं हिंडूनही त्याला कुणी एक शब्द विचारला नव्हता. आम्हाला चोरी करू देण्यासाठी सगळी बिल्डिंग झोपली होती. दादा, मी त्यांच्यावर रागावले होते, तो राग कुठे गेला मला ठाऊक नाही. अजून शोधते आहे.

दुसऱ्या दिवशी तो दूध आणायला खाली गेला. जिन्यात बापूराव भेटले. म्हणाले, "काय अभिनव, कधी आलास?" तो म्हणाला, "महिना झाला, काका. नोकरी गेली." मी वरून ऐकत होते आणि कठडा घट्ट धरला होता. बापूराव म्हणाले, "असं होय. मग रविवारी सभेला ये. पाण्याच्या टाकीचं बोलायचंय. तरुण माणसं सभेला येत नाहीत ही या सोसायटीची जुनी तक्रार आहे." तो गेला. टाकी बघायला गच्चीवर पण गेला. अजून काम मिळालेलं नाही, अर्ज इथूनच टाकतोय. पण आता पोस्टाच्या पेटीपर्यंत स्वतः जाऊन टाकतो, घरात कोंडून घेत नाही.

सगळ्या फांद्या एकाच कुंडीत लावल्या आहेत, त्या वीतभर बुंध्याभोवती. पहिले काही दिवस सगळ्या मरगळल्या होत्या. तुला विचारणार होते, मग म्हटलं, तू पुन्हा तंबाखू सांगशील. काल सकाळी एक नवं पान आलं, अजून गुंडाळीतच आहे. अभिनव आणि मी चष्मा लावून बघितलं, पण ते कुणाच्या घरच्या फांदीचं ते काही ओळखता आलं नाही.

तुझी,
इंदू

ता. क. गुडघे बरे असतील तर येऊन जा. फांदी देणार नाही. पण दुपारी मी झोपलेली असते आणि कुंडी जिन्यातच आहे.